मोहाखालची अस्वलीण

माय, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून मी आता मोठी आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी लिहिते आहे ती शाळेतली मराठी, आपल्या घरात कधी न बोललेली. तरी परवा जंगलात आबांना जे बोलून बसले, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नवापूरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आबा जंगल खात्याच्या लाकडाच्या वखारीत कारकून होते. एका हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ डांग्या खोकल्याने गेला आणि तू रडली नाहीस. तू चुलीपुढे बसतेस, तव्यावरची भाकरी काळी पडते, धूर तुझ्या डोळ्यांत जातो आणि तू तशीच बसून राहतेस. मी भाकरी उलटते, बोटं भाजून घेते, तुझं लक्ष नसतं. आत्या म्हणाली, भगत बोलवा. आबांना भलतंच सुचलं. चैत्रात जंगलाचा नाकेदार वखारीत आला होता, तो बोलता बोलता म्हणाला, मोह फुललाय, सकाळी फुलं खायला अस्वलं उतरतात. आबा घरी येऊन तुला म्हणाले, "चाल, जंगलमा जाऊत. अस्वल देखाले." शेजारीण कुडापलीकडून हसली, "लोके देवले जातस, अन् तुम्ही जनावर देखाले?" तू उठलीस आणि भाकऱ्या बांधायला घेतल्यास.

बैलगाडीने गेलो, नाकेदाराच्या झोपडीत उतरलो. उजाडताना त्याच्या बायकोने आपल्याला टेकाडावरच्या खडकामागे नेऊन बसवलं. खाली मोहाचं मोठं झाड होतं, त्याच्याखाली पाचोळा जाळून साफ केलेली काळी जमीन आणि तिच्यावर पिवळट फुलांचा सडा. गोड, जरा आंबूस वास वरपर्यंत येत होता. नाकेदाराची बायको तोंडावर बोट ठेवते आणि खाली खुणावते. झुडपांतून अस्वलीण येते, पाठीवर एक पिल्लू, केसांना घट्ट धरून. दुसरं मागून धडपडत येतंय, चढायला बघतं, घसरून पडतं, पुन्हा चढायला बघतं. अस्वलीण फुलांपाशी येऊन ठेपलेली असते, तरी थांबते. मागचे पाय मुडपून खाली बसते, पिल्लू वर येईपर्यंत बसून राहते.

तू एकदम उभी राहिलीस. आबांनी घाबरून तुझा पदर ओढला. "ती थांबनी," तू मोठ्याने म्हणालीस, "देखा, ती थांबनी त्यानासाठे." अस्वलिणीने मान वर केली, नाकाने फुसकारली आणि दोन्ही पिल्लांना पाठीवर घेऊन नाल्यात उतरून गेली. मग तू खडकावर बसून रडलीस. ऊन चढलं तरी रडत होतीस. नाकेदाराची बायको तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि आबा पलीकडे तोंड करून उभे होते. त्या दिवशी घरी येऊन तू माझी वेणी घातलीस, कितीतरी महिन्यांनी.

पुढे दर चैत्रात आपण जायचो. मोर, भेकर, चितळांचा कळप, सगळं तू बघायचीस, पण तुझे डोळे अस्वलिणीला शोधायचे. तिची पिल्लं मोठी होऊन निघून गेली, मग एका वर्षी नवी आली. "हाई तीच शे," तू म्हणायचीस, आणि नाकेदाराची बायको मान डोलवायची. शेजारणीलाही तू कौतुकाने सांगायचीस. तीच शेजारीण मग तुझ्याकडून मोहाची फुलं मागायची.

मग एका वर्षी जंगल खात्याचा मोठा साहेब शिकारीला आला. मी वखारीच्या आवारात गेले, तर तिथे राख चोळून, खुंट्या ठोकून अस्वलाचं कातडं वाळत घातलं होतं. छातीवरचा पांढरा पट्टा दिसत होता. मी तुला सांगणार नव्हते, पण आबांचा डबा घेऊन तू स्वतःच तिथे आलीस. बराच वेळ बघत राहिलीस. त्या संध्याकाळी आबांना ताट वाढलंस, तूप वाढलंस आणि मग विचारलंस, "त्यासले वाट तुम्ही दखाडी?" आबा म्हणाले, "साहेबनी इचारं. मी नही कसा म्हनू?" आबा जेवेनात तेव्हा म्हणालीस, "जेवा, थंडं व्हयी." बस, तेवढंच. पुढच्या चैत्रात आबांनी गाडी सांगितली, तू उंबऱ्याबाहेर आली नाहीस. नंतर तुला ताप जडला, तुला तापीकाठी माहेरी नेलं, मी सोबत होते, आणि तू गेलीस तेव्हा आबा नवापूरलाच होते. पोचले ते तिसऱ्या दिवशी.

आबा आता माझ्याकडे राहतात. गुडघे गेलेत. चैत्र लागला की खिडकीशी बसून डोंगराकडे बघतात. यंदा म्हणाले, "एकदा नेशी का मले?" नेलं. लढाईच्या वर्षांत तिकडचा साग पार तोडून नेला, नाकेदाराची झोपडीही राहिली नाही. मोह मात्र उभा आहे, त्याला कोणी हात लावत नाही. आम्ही खडकामागे बसलो. माकडं आली, एक भेकर आलं आणि आमचा वास लागताच पळालं. अस्वल आलं नाही. ऊन तापलं तसं मी म्हटलं, चला. आबा उठेनात. खाली बघतच त्यांनी विचारलं, "जाताना मन्हाबद्दल काही बोलनी का ती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोलनी ना, आबा. 'त्यासना दोष नही,' आसं बोलनी." त्यांनी डोळे मिटले. परतताना गाडीत त्यांना झोप लागली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, आणि घरी आल्यावर पोटभर जेवले.

आबांना वाचता येतं, म्हणून हा कागद लिहून झाला की चुलीत घालणार आहे. तू तसं काही बोलली नव्हतीस, माय. पाणी मागितलंस, आणि माझ्या भावाला हाक मारलीस. आबांबद्दल एक अक्षरही नाही.