सुट्टीच्या दिवशीचं पाणी

९ मार्च

दादा,

इतके महिने तुझ्याशी एक शब्दही बोलले नाही, त्याबद्दल माफ कर. तुमच्या पर्यावरण खात्याच्या तपासणीसाठी बाहेरची समिती नेमली आणि तिच्यात मी होते. तुझ्या विभागाच्या तपासणीत मी नसेन आणि अहवाल होईपर्यंत तुझ्याशी संबंध ठेवणार नाही, असं मीच लिहून दिलं होतं.

कारखान्यांपाशी नदी काळी आणि तुम्ही तपासलेलं पाणी मात्र कायम स्वच्छ. तू कारखान्यांकडून पैसे खाल्लेस, असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती.

आज अहवालावर सह्या झाल्यावर समितीच्या अध्यक्षबाईंनी मला बोलावलं.

"तुझ्या भावाने एक पैसा खाल्लेला नाही," त्या म्हणाल्या. "खात्याची जीप फक्त सुट्टीच्या दिवशी मोकळी असते, म्हणून पाण्याचे नमुने त्याच दिवशी घेतात. तेव्हा कारखाने बंद. एवढ्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लबाड नाही गं, नुसता वेंधळा आहे."

"आई हेच म्हणायची," मी म्हणाले आणि हसता हसता डोळे भरून आले.

तुझ्यावर ठपका येईल, आणि तो यायलाच हवा. ते पाणी लोक पितात. पण तू चोर नाहीस. परक्या माणसासाठी मला एवढं हायसं वाटलं असतं का, कोण जाणे.

अहवाल उद्या दुपारी जाहीर होईल. तोवर हे पत्र टाकता येत नाही, आणि नंतर त्याची गरज नाही.

तुझी धाकटी

उद्याचं काम: दुपारी दादाकडे जाणे आणि त्याचा राग निवेपर्यंत गप्प बसणे.