छपराच्या कडेला लाकूड नको

मी, खाली सही करणारी, या घराची एकटी मालकीण, पूर्ण शुद्धीवर आहे. कुणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. परवा माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र आजच.

१. माझे पती सुतार होते. छपराच्या कडेच्या पट्ट्या आणि खिडक्यांभोवतीच्या चौकटी त्यांनी सागवानात घडवल्या. दरवर्षी घासून रंगवायच्या. एकदा रंगवताना तोल सावरायला त्यांनी वरची पट्टी धरली. रंगाखाली ती आतून कुजलेली. मुठीत भुगा आला. शिडी मी धरली होती. ती जागची हलली नाही. ते माझ्या पायाशी पडले, ते उठलेच नाहीत.

२. 'बाईमाणसाला शिडी धरायला लावली, म्हणून गेला,' असं घरोघर सांगणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना या घरातलं काहीही मिळू नये. खिळासुद्धा.

३. मुलगाही सुतार. लाकूड उतरव म्हटलं, तर म्हणाला, "बाबांच्या हातचं काढून प्लास्टिक लावू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." मग मीच नमुने आणून वर्षभर अंगणात उन्हापावसात ठेवले. पोकळ प्लास्टिकची पट्टी उन्हात काकडीसारखी वाकली. ती गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला फाटकाच्या आत घेऊ नये. सिमेंटची टिकली, पण तिला रंग लागतो, म्हणजे पुन्हा शिडी आली. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली भरीव पट्टी फुगली नाही, वाकली नाही. जरा फिकटली, मी तरी कुठे तशीच राहिले? तीच बसवावी. उन्हात ती लांबते, म्हणून जोडांत फट ठेवावी. स्क्रू न गंजणारे घ्यावेत.

४. गेल्या आठवड्यात मी दवाखान्यातून परतले, तर मुलगा रंगवायला वर आणि सातवा महिना लागलेली सून खाली शिडी धरून. माझ्या डोळ्यांदेखत पट्टी निखळली. तो खिडकीच्या छज्ज्याला लोंबकळला. पाय चाचपडत शिडीला लागले, तो उतरला आणि हसला. "काही झालं नाही, आई."

सून हसली नाही. "मी पुन्हा शिडी धरणार नाही," म्हणाली.

"नको धरूस. शेजाऱ्यांना बोलावतो."

५. म्हणून हे घर मी मुलाच्या नव्हे, सुनेच्या नावे करते. बँकेतली ठेव पट्ट्यांच्या कामासाठी. काम शिडीवरून नको, परांची बांधूनच व्हावं.

६. पतींचे रंधे, पटाशा आणि उतरवलेलं धड लाकूड मुलाचं. त्याने त्याचं हवं ते करावं. मात्र जमिनीवर उभं राहून हात पोचेल, त्याहून वर काही लावू नये.

७. हे सगळं मी त्याला आज वाचून दाखवलं.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्या बाबांवरही होता."

तो उठून बाहेर गेला. अजून पायरीवर बसून आहे. सून त्याच्याजवळ जाऊन बसली आहे. मजकुरात मी काहीही बदललेलं नाही.

सही : घरमालकीण
ठिकाण : घराची पुढची खोली
दिनांक : ११ मार्च

साक्षीदार : १. शेजारचे शिंपीकाका (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही). बाईंना मी तपासलं आहे. सही करताना त्यांना दम लागला, तेव्हा मी पेन काढून घेतलं. थांबायचं का, असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडून पेन परत मागून घेतलं आणि सही पुरी केली.