उभं चिरलेलं फूल

पुणे, १० ऑगस्ट २०१७

ती. सौ. ताईस,
पुष्पाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्यामागे कुकरच्या शिट्ट्या आणि भाऊजींचं खाकरणं, धड बोलणं होत नाही. म्हणून हे पत्र. नव्या घराच्या भिंतीनं मला वेड लावलंय. जुन्या बाजारातून शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकातली फुलझाडांची चित्रं आणली. कण्हेर, जास्वंद, तगर. चौकटी करून लावली, पण मन भरत नाही. रोज काढते, जागा बदलते, परत लावते. दीपक म्हणतात, भिंतीची चाळण झाली.

एक चौकट रिकामी आहे. तिथे मला कपाशी हवी, आणि ती तुझ्या हातची. शाळेत चित्रकलेची बक्षिसं तुझी ठरलेली असायची. लग्नानंतर तू पेन्सिल धरलीस ती फक्त पोरांच्या वह्यांवर नावं घालायला! सोबत नमुन्याची झेरॉक्स आहे. मध्ये फांदी, खाली कोपऱ्यात तेच फूल उभं चिरून दाखवलेलं, आणि तळाशी बारीक अक्षरात काढणाऱ्याचं नाव. मला हे तिन्ही पाहिजे. दिवाळीला पाहुणे येतील, त्याआधी पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
पुष्पा

उंद्री, ३ सप्टेंबर

चि. सौ. पुष्पास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं खूळ मला लागलं. शेतात पोतं टाकून बसते. निंदणाऱ्या बाया हसतात. म्हणतात, काकू, कपाशी काय नवरी हाय का, तिचा फोटो काढून राह्यल्या. यांना तर आमचं दोघींचं डोकं फिरलंय असंच वाटतं. बीटीचं बियाणं पेरल्यापासून हे वावरात फारसं फिरतच नाहीत. म्हणतात, बीटीले अळी लागतच नाही, मंग पाह्यचं काय?

पण मी पाहिलं. यंदा काही फुलं उमलतच नाहीत. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात. इतकी देखणी, की टोपलीभर तोडून महालक्ष्म्यांपुढे मांडली. शेजारच्या अन्नपूर्णाबाईही मागून घेऊन गेल्या. चित्रालाही तेच फूल घेतलंय. चिरायला मात्र हात होत नाही. आणि नाव कशाला? मी का चित्रकार आहे?

दीपकरावांना नमस्कार. त्या भिंतीला जरा श्वास घेऊ दे.
तुझी ताई

पुणे, ९ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

ते मिटलेलं फूल ऐकूनच मी चौकट मधोमध हलवली. पण चिरल्याशिवाय चालायचं नाही, आधीच सांगते! शेजारच्या तिन्ही चित्रांत आहे. ब्लेड घे आणि डोळे मिटून कर.

वाट पाहणारी, हट्टी
पुष्पा

उंद्री, १७ सप्टेंबर

चि. पुष्पास, आशीर्वाद.

चित्र पाठवत नाहीये, रागावू नको. फूल चिरलं तर आत गुलाबी अळी. दुसरं चिरलं, त्यातही. सासूबाईंना आता दिसत नाही. फूल त्यांच्या हातावर ठेवलं. चाचपून म्हणाल्या, हे तं डोमकळी हाय, बीटी यायच्या आधी आम्ही येचून जाळत होतो. पुष्पा, हे मी महालक्ष्म्यांपुढे मांडलं गं!

यांना सांगितलं तर म्हणाले, असंन एखाद्या फुलात, तू काऊन भलतंच पाहून राह्यली? पण अळी फुलातून हिरव्या बोंडात शिरली की बाहेरून काही कळत नाही. वेचायला जावं तर कापसाऐवजी किडकी, पिवळी कवडी हाती येते. अजून वेळ आहे, पण यांनी वावरात पाय ठेवायला हवा ना! माझा जीव थाऱ्यावर नाही. वावरात जाते, घरी येते, परत जाते.

आता चिरलेलं फूल अळीसकट मोठं काढते आहे. वावराकडे पाहत नाहीत, तर ताटासमोरच्या भिंतीकडे तरी पाहतील.

घाबरलेली,
ताई

पुणे, २२ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

माझी चौकट गेली खड्ड्यात. भाऊजींनी पाहिलं का, तेवढं कळव. मला ही कण्हेर-जास्वंद पाहवत नाही. प्रत्येक फुलाच्या आत काहीतरी वळवळतंय असं वाटतं. दोन चित्रं काढून ठेवली. काल परत लावली.

तुझ्या पत्रावर जीव टांगलेली,
पुष्पा

उंद्री, ८ ऑक्टोबर

चि. सौ. पुष्पास,
अनेक आशीर्वाद.

आधी हे भिंतीकडे पाठ करून जेवू लागले. मी चित्र यांच्या पाठीमागच्या भिंतीवरून उतरवून पुन्हा समोर लावलं. मग एका सकाळी चहा तसाच ठेवून त्याच्यापुढे उभे राहिले आणि ब्लेड मागितलं. दुपारी आले ते खिशात चिरलेली बोंडं घेऊन.

तेव्हापासून आम्ही दोघं बाया लावून डोमकळ्या तोडतो, जाळतो. खालच्या वावरातली बोंडं गेली, ती काही परत येत नाहीत. वरचं वाचेल असं वाटतं, नुसतं वाटतं. काल वेचणीआधीची सीतादहीची पूजाही केली. वावरात दहीभात शिंपडताना एकेका बोंडाकडे पाहत होते.

तुझी चौकट रिकामीच राहिली बघ. चित्र यांनीच नेऊन कलीमभाईंच्या बियाण्याच्या दुकानात लावलं. लोक पाहतात, आणि ब्लेड घेऊन आपापल्या वावरात जातात. नेण्याआधी पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, खाली नाव टाक. मी म्हटलं, वावर तुमचं, तुमचंच टाका. तर म्हणाले, वावर माहं हाय, पन पाह्यलं तं तूनं.

मग टाकलं. तिथे लिहिलं तसंच इथेही लिहिते.

कोकिळा,
उंद्री