पाचच झाडांची जागा

११ ऑगस्ट

पाच! कशीही आखणी केली तरी टोमॅटोची पाचच झाडं बसतात. सहावं लावलं तर मागचं दार उघडणार नाही. कोबर्गच्या जुन्या घरामागे ऐंशी लागायची. आणि आता हे प्रेस्टनचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि फरशी उखडून केलेला हा वाफा. त्यातही शेजारच्या दुमजली घराची सावली दुपार झाली की येऊन बसते.

पाच झाडांत वर्षभराच्या रसाच्या बाटल्या कशा भरायच्या? नाही भरल्या तर फेब्रुवारीत, इथला उन्हाळा सरताना सगळ्यांनी जमून रस काढायच्या दिवशी, कोण कशाला येईल? घर विकल्यापासून माझे दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत. थोरला नुन्त्सिओ म्हणत होता, आईला एवढं घर झेपत नाही. धाकटा दारिओ म्हणत होता, बाबांचं घर आहे, विकायचं नाही. घर गेलं, बोलणंही गेलं. पण परवा फोनवर दोघंही वेगवेगळे तेच म्हणाले — 'रसाच्या दिवशी येईन, आई. तुझ्या टोमॅटोंचा रस चुकवायचा नाही.'

माझ्या टोमॅटोंचा. म्हणजे आता सगळं या पाच झाडांवर.

१३ ऑगस्ट

बी कुठलं लावायचं, याच विचारात दिवस गेला. माझ्या नवऱ्याने, गेतानोने, जाईपर्यंत जपलेलं ‘बैलाचं काळीज’ आहे. त्याची फळं पाऊण किलोची, आत नुसता गर, बी कमी. पण झाडाला धरतात आठ-दहा. शोभा भरपूर, पोट रिकामं. रोमा लावावा तर ढिगाने येतो, पण बोटाएवढा. त्याच्या पाच झाडांनी एक पातेलं भरणार नाही.

मोठा हवा आणि भरपूरही हवा. लग्नाच्या बाजारात आईबाप मागतात तसं झालं माझं!

१७ ऑगस्ट

नर्सरीतला मुलगा म्हणाला, “आजी, ग्रॉस लिस न्या. उंच जातं, मोठी फळं देतं आणि शेवटपर्यंत देत राहतं.” म्हटलं, बाळा, तुझ्या आईचं लग्न ठरायच्या आधीपासून मी टोमॅटो लावतेय. मग गुपचूप ग्रॉस लिसच घेतलं.

तीन ग्रॉस लिस, दोन काळीज. ठरलं. दोन काळीज कशाला, तर गेतानोसाठी. चूकच आहे ही. कळतंय.

४ सप्टेंबर

खिडकीतली रोपं दोन पानांवर आली. पास्क्वाचा फोन. गेतानोची बहीण, म्हणजे माझी नणंद. “वहिनी, कशाला जिवाला त्रास? बाजारातून पेट्या आणायच्या नि मोकळं व्हायचं. मी नाही का आणत?”

आणते ना! दरवर्षी आणते. आणि दरवर्षी भरल्या टेबलावर मी म्हणत आले, विकतच्या टोमॅटोचा रस म्हणजे रंगाचं पाणी. मुलं हसायची, गेतानो ताटात बघायचा, पास्क्वा गप्प बसायची. आज तेच आठवून फोन लवकर ठेवला.

नोव्हेंबर, घोड्यांच्या शर्यतीच्या सुट्टीचा मंगळवार

सगळं शहर घोडे बघत बसलं होतं. मी रोपं लावली. एरवी नुन्त्सिओ खड्डे करायचा, दारिओ काठ्या ठोकायचा, आणि दोघं सगळा वेळ भांडायचे. आज सगळं एकटीने केलं. पाच खड्ड्यांना कितीसा वेळ लागतो! जेवणाच्या आत संपलं. मग काय करावं ते कळेना.

२९ नोव्हेंबर

फुलं आली. पुष्कळ आहेत. मी आशा धरत नाही.

१७ डिसेंबर

बरं झालं नाही धरली. भर उन्हाळा, तीन दिवस एक्केचाळीस अंश, वर उत्तरेकडच्या वाळवंटाचा तापलेला वारा. आज सकाळी झाडाखाली फुलांचा सडा! मोठ्या फळांच्या झाडांची हीच खोड, ऊन तापलं की फूल टाकतात. जुन्या घरी ऐंशीतली चाळीस गेली तरी चाळीस उरायची. इथे कोणाच्या जिवावर उरणार?

जुनी चादर बांधून सावली केली. सकाळी सावली, दुपारी सावली. मग झाड वाढेल कशावर?

२५ डिसेंबर

नुन्त्सिओ सकाळी आला, दारिओ संध्याकाळी. मी दोनदा जेवले. दोघांनाही वाफा दाखवला. दोघंही म्हणाले, “छान आहेत, आई.” झाडांकडे नीट बघितलंही नाही.

१० जानेवारी

ग्रॉस लिसच्या फळांची बुडं काळी पडली. पाणी कमी-जास्त झालं की असं होतं. मला सगळं ठाऊक आहे, आणि तरी झालंच. वर रात्री पॉसम, ते मांजराएवढं झाडावरचं जनावर, येऊन काळजाची तीन फळं चावून गेला. पुरतं एक खायचं ना मेल्या! तिन्ही उष्टी केली.

वाफ्याच्या कडेला बसून रडले. कोणी बघणारं नव्हतं, म्हणून जरा मोठ्यानेच रडले.

३ फेब्रुवारी

निघाले तेवढे सगळे स्वयंपाकघरात मांडले. जेमतेम दोन पातेली भरतील. पुरे. झालं वर्षभराचं!

रसाचा दिवस रद्द म्हणून सांगायला दारिओला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, “तो येणारेय का?” “येणारेय.” मग — “बरं. मीही येतो. पण तुझ्यासाठी हं, आई.”

मी काय सांगायला फोन केला होता ते सांगितलंच नाही.

१३ फेब्रुवारी

आज पहाटे पास्क्वाबरोबर घाऊक बाजारात गेले. एवढं लिहिलं, बास.

नाही, लिहिते. पास्क्वा एका शब्दाने टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं! रोमा घेतले नाहीत, पोरांनी लगेच ओळखले असते. मोठे, गोल, लालबुंद बघून घेतले. घरी आणून जुन्या टोपल्यांत ओतले, वर माझे चार-दोन वेडेवाकडे ठेवले. रिकामे खोके पास्क्वा आपल्या घरी घेऊन गेली. “वहिनी, मी नाही कुणाला सांगायची,” म्हणाली.

गेतानोचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

१५ फेब्रुवारी

दोघंही आले. सकाळभर एकमेकांशी शब्द नाही. “आई, त्याला सांग बादली सरकव.” “आई, त्याला सांग, हात आहेत त्याला.” मग दारिओने टोपलीतले चार टोमॅटो काढून ओळीने मांडले. “आई, हे सगळे एका मापाचे कसे? आपले कधी दोन सारखे निघाले नाहीत. तुझ्या झाडांना शिस्त कधीपासून लागली?” नुन्त्सिओ वाकला, बघितलं, आणि म्हणाला — मला नाही, भावाला! — “अरे, म्हातारीने विकत आणलेत!”

हसले. एकमेकांच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी हातातला टॉवेल फेकून मारला.

दुपारी बाटल्या उकळत होत्या तेव्हा दोघांचं एकमत झालं, घर विकल्यापासून पहिल्यांदा. पुढच्या वर्षीपासून टोमॅटो विकतच आणायचे. दोघं मिळून बाजारात जातील. आईला उगाच राबवायचं नाही. वाफा बुजवून पुन्हा फरशी घालायची, म्हणजे मला खुर्ची टाकून बसता येईल. “चालेल ना, आई?”

चालेल, म्हटलं. रविवारी येणार आहेत फरशी घालायला. दोघंही.