चौकडीतली दुसरी खुर्ची

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा खोकला गेला का? त्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस.

वाद्यवृंदात माझं ठीक चाललंय. तिथे सोळा व्हायोलिनं. एकाचं बोट अडलं तर कुणाला पत्ता लागत नाही. पण आमच्या चौकडीत चारच वाद्यं, लपायला जागा नाही. डावी करंगळी हल्ली वळत नाही. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय; वाजवा, पण ताणू नका. आणि माझ्या पहिल्या व्हायोलिनला तर सगळी ताणाताणच! परवा माझे वरचे सूर उतरले. तिघांनी ऐकलं आणि तिघंही चहा कसा झालाय यावर बोलत राहिले. दादा, ते फार लागलं.

म्हणून खुर्ची बदलतेय. खालच्या सुरात साथ देणारं दुसरं व्हायोलिन वाजवणारा, ज्याला आम्ही मुनी म्हणतो, तो पुढे बसेल. मी त्याच्या जागी. रागावू नकोस.

तुझी,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो. वीस वर्षं मानाने पुढे बसलीस, आता मागे सरकणार? लोक म्हणतील, हिला खाली उतरवलं. त्यापेक्षा थाटात निरोप घे. दातांचा डॉक्टर मी, सुरातलं मला काय कळणार; पण हलणारा दात धरून बसू नये, एवढं कळतं.

खोकला गेला. वहिनी म्हणते, तिला शहाणपण शिकवू नका.

दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या दातावर आधी हसले, मग रडले. निरोप घेऊन घरी काय करू, भिंतींशी बोलू?

इकडे मुनीही बिथरला. भीक नको म्हणाला आणि तालमीला येईना. शेवटी त्याच्या घरी गेले. त्याला म्हटलं, माझा तोल गेला की इतकी वर्षं तूच सावरून घेत आलास, हे मला कळत नव्हतं असं वाटतं का तुला? आता ते काम मला शिकव. त्याने व्हायोलिन उचलून तारा पुसल्या. मग म्हणाला, आधी पुढच्याचा श्वास ऐकायला शीक.

तालमीत शाळकरी पोरीसारखी चुकतेय. दोन तारखेला कार्यक्रम आहे. रुसलेला असलास तरी ये.

तुझी,
चिमणी

५ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. त्या रात्री गर्दीत नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

मी रुसूनच बसलो होतो. मुनी घाबरलाय हे मलासुद्धा दिसलं. एका जागी तो अडखळला. तेवढ्यात खालून तुझा सूर आला, अडखळत्या माणसाचा दंड धरावा तसा. मुनी सावरला, आणि मग काय वाजवलं त्याने! वहिनीने मला कोपर मारलं. मी मान डोलावली.

आणखी एक. इतकी वर्षं तुझे कार्यक्रम ऐकले. वाजवताना तुझ्या कपाळावर आठी नाही, असं कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री तू चक्क मजेत होतीस गं.

आमच्यावर माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा