मोरीकडच्या भिंतीचा तडा

बाबा, तुम्ही आईला थापीनं मारलंत त्या सकाळी मी दहा वर्षांची होते. तुम्ही कामावर निघाला होतात, खांद्याला हत्यारांची पिशवी होती, आणि मोरीत हात धुता धुता तुमची नजर वर गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत तडा गेला होता, जिना चढावा तसा विटांच्या सांध्यासांध्यानं. नाशिकभर लोकांची घरं उभी करणाऱ्या गवंड्याच्या स्वतःच्या घराला तडा. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत, मग घराच्या मागं जाऊन आलात. चपलेला काळा चिखल लागला होता. "मोरीमागं पाणी कोण मुरवतंय?" तुम्ही विचारलंत. आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मीच टाकते." तुम्ही पिशवीतून गिलाव्याची लाकडी थापी काढलीत. पहिला फटका तिच्या कोपरावर बसला, दुसरा पाठीवर, मग तुम्ही कुठं मारताय ते तुम्हालाही दिसत नव्हतं. थापीची मूठ तुटली तेव्हा थांबलात. परात उलटी पडली होती, तव्यावरची भाकरी जळत होती आणि ती उतरवायला कुणी हललं नाही. आई ओरडली नाही. शेजारी ऐकतील म्हणून.

पाणी मी टाकत होते, बाबा. धुण्याभांड्याचं पाणी बादलीनं गल्लीच्या टोकाला गटारात नेऊन ओतायचं काम माझ्याकडे होतं. बादली जड, पायावर सांडायची, म्हणून मी ती रोज मोरीमागच्या कोपऱ्यातच रिकामी करत होते. आईला ते माहीत होतं. त्या सकाळी मी दाराला चिकटून उभी होते आणि तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं तर तुमचा हात माझ्याकडे वळेल, एवढंच मला दिसत होतं. तुम्ही गेल्यावर कोपराला हळद लावताना आई फक्त म्हणाली, "उद्यापासून गटारापर्यंत ने."

पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत खचली. तिकडं तर कुणी पाण्याचा थेंब टाकत नव्हतं. तिकडं कडुनिंब होता, आपण राहायला आलो त्याच्या आधीपासूनचा, भिंतीपासून चार पावलांवर. कुठल्या तरी साइटवर तुम्हाला कुणीतरी सांगितलं की मुळं जमिनीतलं पाणी ओढतात आणि भुई आकसते. रविवारी सकाळी तुम्ही कुऱ्हाड घेऊन आलात. आई झाडाला पाठ लावून उभी राहिली. "उन्हाळ्यात एवढीच सावली आहे हो घराला," ती म्हणाली. तुम्ही तिला दंडाला धरून बाजूला फेकलंत. ती धुण्याच्या दगडावर तोंडावर आपटली आणि तिचे पुढचे दोन दात पडले. मी तिचं तोंड तिच्याच पदरानं पुसत होते आणि मागं कुऱ्हाडीचे घाव चालूच होते, एकसारखे, दुपारपर्यंत. झाड पडलं तेव्हा तुम्ही धापा टाकत बुंध्यावर बसलात आणि माझ्याकडे पाणी मागितलंत. मी आणून दिलं. ते मला आजही आठवतं, की मी आणून दिलं.

झाड गेल्यावर भिंत शांत होईल असं तुम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. पुढच्या दोन पावसाळ्यांत बाहेरच्या खोलीतली फरशी मधोमध वर आली, पालथ्या घमेल्यासारखी, आणि पुढचं दार चौकटीत अडकायला लागलं. एका संध्याकाळी तुम्ही लाथा घालून ते दार बिजागरीतून उपटलंत. शेजारचे काका, बस डेपोत मेकॅनिक होते ते, कुंपणापाशी आले. गल्लीतले चारपाच जण उभे होते. काका म्हणाले, "दाराचा काय दोष हाय त्यात? पाया खणताना मी तुला म्हणलो होतो, मुरूम लागेपर्यंत खाली जा. पाऊस येईल म्हणून तू काळ्या मातीवरच दगड रचले." त्यांचा आवाज चढलेलासुद्धा नव्हता. तुम्ही भिंतीला टेकवलेलं फावडं उचललंत. काकांनी डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगटाचा आवाज मी घरातून ऐकला. पोलीस आले, तुम्हाला घेऊन गेले, चार दिवसांनी सोडलं, कारण काकांनीच तक्रार पुढं नेली नाही. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत त्या दोन घरांत शब्द गेला नाही.

तुम्ही जाऊन आता बावीस वर्षं झाली. मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ऑफिस सांभाळते, रोज बसनं जाऊन येते. आई माझ्याजवळ आहे, याच घरात. तीन वर्षांपूर्वी मोरीकडचा तडा इतका उघडला की त्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागला. मी एक कॉन्ट्रॅक्टर बोलावला. तो म्हणाला, सगळी फरशी तोडायची, भिंतीखाली खणून नवा पाया घालायचा, चार महिने दुसरीकडं राहायला जा. माणसं आली, फरशी फोडायचा ब्रेकर सुरू झाला. पहिल्या दणक्याला आई स्वयंपाकघरात गेली. मी आत गेले तर ती ओट्याखाली बसली होती, दोन्ही कोपरं छातीशी घट्ट धरून. ऐंशीला टेकलेली बाई. "थांबव त्याला," ती म्हणाली, "मी काही नाही केलं." मी बाहेर येऊन ब्रेकरची वायर ओढून काढली. माणसांना मी परत पाठवलं.

पॅकहाउसच्या नव्या शेडचं काम बघायला एक इंजिनिअर बाई यायच्या. त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं, मारहाण सोडून. रविवारी त्या घरी आल्या, भोवती दोनदा फिरल्या, मोरीमागची माती मुठीत दाबून पाहिली. "काही तोडू नका," त्या म्हणाल्या. "ही माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते. चारी बाजूंनी सारखी असेल तर घर सोसतं. तुमच्या घराचा एक कोपरा कायम ओला आणि बाकीचे कोरडे, म्हणून ते पिळलं जातंय." मी झाडाचं विचारलं. "झाड तोडल्यावर इतकी वर्षं सुकलेली माती पाणी प्यायली, ती वर येणारच." म्हणजे बाबा, तुम्ही दोन्ही वेळा अर्धं बरोबर होतात. आईचे दात आणि कोपर त्या अर्ध्यापायी गेले.

बाईंनी सांगितलं तसं मी करत गेले. तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. भिंत हलली की काच तडकते, डोळे फसतील, काच फसत नाही. मोरीचा गळका पाइप बदलला. छपराला पन्हळ लावून पावसाचं पाणी भिंतीपासून लांब सोडलं. घराभोवती माती बाहेरच्या बाजूला उतरती करून तिच्यावर जाड प्लॅस्टिक आणि वर फरशीचा पट्टा घातला. आणि फाल्गुन संपला की, भुईला भेगा पडायच्या आधी, चारी भिंतींना, त्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेनं ठिबकच्या नळ्या. एका बागायतदारानं टाकून दिलेल्या मी मागून आणल्या. अर्धा तास, एक दिवसाआड, चारी बाजूंना सारखंच. आई दारात खुर्ची टाकून बसते आणि कुठली नळी तुंबली ते मला ओरडून सांगते. आता ओरडते ती.

अडलं होतं ते एकाच ठिकाणी. मोरीमागचं पाणी गटाराला न्यायला उतार फक्त काकांच्या अंगणातून होता. मी त्यांच्याकडे गेले. ते आता थकलेत, उजवं मनगट तसंच वाकडं आहे, चहाची बशी डाव्या हातानं धरतात. मी पाइपाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुझा बाप जाताना काही बोलला का गं माझ्याबद्दल?"

"हो काका," मी म्हणाले. "म्हणाले, त्याचं बरोबर होतं. मी त्याच्यावर हात उचलायला नको होता."

"असं म्हणला?"

"असंच म्हणाले."

काकांनी बशी खाली ठेवली. मग डोळे पुसून म्हणाले, "टाक पाइप. मोगऱ्यापासून जरा लांबून ने."

पहिल्या उन्हाळ्यात काच दोनदा तडकली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. यंदा वैशाख संपला तरी ती अख्खी आहे, आणि पुढचं दार एका बोटानं लागतं. तडा पूर्ण मिटलेला नाही, मिटणारही नाही. बाई म्हणाल्या, अजून एक पावसाळा जाऊ द्या, मग बुजवू. हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले. पाठवायचं कुठंच नाही, आणि आईला वाचून दाखवण्याची हिंमत नाही.

काकांना मी सांगितलं तसं तुम्ही काही म्हणाला नव्हतात, बाबा. शेवटचे चार दिवस तुमची वाचा गेली होती, आणि त्याआधी काकांचा विषय निघाला की तुम्ही ताटावरून उठायचात. पाइपासाठी खोटं बोलले असं मी मनाशी धरून चालले होते. पण काकांनी पाइपाला नाही म्हटलंच नव्हतं. मी पाइपाचं बोलत होते तेव्हाच त्यांनी सुनेला कुदळ काढून ठेवायला सांगितली होती. ते वाक्य मी माझ्यासाठी बोलले. तुमच्या नावावर ते एकदा ऐकायचं होतं मला.