भाताच्या गंजावरचं नाव

रिसाली, भिलाई
१८ जून २०२५

फोन कावून उचलत नाहीस? मी लावला तं नुसता वाजत राहते, तुह्या मायनं लावला तं मीटिंग हाय म्हणतोस. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं हाय, पण वाचता येते.

चि. राजदीप, जय भीम. इथं सगळे बरे हायेत. तुहा बाप जानराव प्लांटात पाळीवर जाते-येते. कूलरचा पंप जळला. लोणचं घातलं, करिष्माच्या हातानं मीठ जास्त पडलं. तिचं ध्यान ठिकाणावर नाही.

कावून नाही, ते तुले मालूम हाय.

त्या परदेशातल्या माणसाचा मेल आला तिले. मी म्हटलं, मराठीत सांग. तं म्हणे, दादानं सिविक सेंटरच्या दवाखान्यांले पेशंटचा नंबर लावायचं जे सॉफ्टवेअर विकलं, त्यातलं अर्धं त्या माणसानं लिहून सगळ्यांले फुकट देलेलं हाय. मंग चोरी कायची? म्हणे, घ्यायले मनाई नाही, बदलायले नाही, विकायलेबी नाही. पण त्याचं नाव अन् त्याच्या अटी तशाच ठेवा लागतात. अन् ज्याले विकलं त्याले आतलं लिहिलेलं, तू बदललं ते धरून, मोकळं द्या लागते. तू नाव खोडलं अन् आतलं कुलूपबंद केलं.

विहारातला भाताचा मोठा गंज, ते हंड्याएवढं पातेलं, आठवते? तुह्या आज्यानं दान देलेला, वर 'कृष्णराव' ठोकलेलं. आपल्या लोकांच्या सगळ्या लग्नांचा भात त्यातच शिजते. वस्तीतल्या धोंडबानं त्याचं बूड बदलून आणलं अन् आज्याचं नाव घासून आपलं ठोकलं, तवा भर बैठकीत कोण ओरडलं होतं? तूच. "बूड तुमचं असन, गंज माह्या आज्याचा हाय." मंग वरते आज्याचं नाव, खालते धोंडबाचं, असं ठरलं. धोंडबा अजून मले पाहून मान फिरवते. आता त्याले मी कोणतं तोंड दाखवू?

तो माणूस लिहिते, पहिलीच वेळ हाय, महिन्याभरात नीट केलं तं ते वापरायचा-विकायचा गेलेला हक्क परत भेटते. नाही तं कोर्ट. अर्धा महिना गेला.

अन् मेल करिष्माच्या नावानं हाय. तुह्या कंपनीत बाहेरचा धंदा चालत नाही, म्हणून दुकान बहिणीच्या नावावर. सही तिची, बिल तिच्या नावचं. पोरगी शाळेच्या नोकरीची वाट पाहून राहिली. कोर्टाचा कागद आला तं लोक तिचंच नाव वाचतीन. काल विचारलं, जेवत कावून नाहीस. तं म्हणे, दादानं सांगतलं, लिहून दे का सगळं आमीच लिहिलं. लिहूनबी ठेवलं होतं तिनं. फक्त धाडायचं बाकी होतं.

तिनं ते धाडू नाही म्हणून तिचा लॅपटॉप मी तांदळाच्या कोठीत टाकला हाय. बोंबलू नको, फडक्यात बांधला.

तुह्या बापाले अजून काही मालूम नाही. मले झोप येत नाही, तं म्हातारपण हाय म्हणून सांगते घरात.

दवाखान्यांले आतलं सगळं दे. त्या माणसाचं नाव वर ठोक, तुहं खाली. नोकरी गेली तं घरी ये, कूलर पाहायले माणूस लागतेच.

मले उत्तर धाडू नको. करिष्मा लिहिणार नाही, तुहा बापबी लिहिणार नाही. त्या माणसाले तू लिहायचं, तुह्या नावानं.

तुही आजी
गिरजाबाई